हस्तिदंत खरा की नकली, घरच्या घरी कसं ओळखायचं?

अंत्रुजवासी
फोंड्याच्या घरी जुन्या पेटीत सारीपाटाचे चार लांबट फासे आणि वीतभर उंचीची मेंढपाळ येशूची मूर्ती आहे. मूर्ती पिवळसर, पाठीला उभ्या भेगा, तळाला भोक. गरम सुई टोचली की कळतं, असं ऐकलं. टोचू का?

दहापट_भिंग
सुई अजिबात नको. खऱ्या हस्तिदंतावर कायमचा डाग पडेल, आणि वस्तू सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची, निघाली तर ती पेट घेते. हे सेल्युलॉइड पूर्वी ‘फ्रेंच आयव्हरी’ म्हणून खपायचं. अंगठ्याने जोरात घासून गरम केलं की कापराचा वास येतो, तेवढ्यावरही ओळखता येतं.

दहापट भिंग आणि टॉर्च घ्या. सुळा आडवा कापलेला असतो ती बाजू बघायची. उभ्या मूर्तीत ती तळाला आणि डोक्याच्या टोकाला मिळते, बांगडीत दोन्ही सपाट कडांवर. टॉर्च तिरकी धरा. एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसेल, बांबूच्या सुपाच्या विणीसारखी. या श्रेगर रेषा. बाहेरच्या कडेजवळ त्यांचा कोन मोजा: ११५ अंशांच्या वर असेल तर हत्ती, ९० च्या खाली असेल तर मॅमथ, म्हणजे नामशेष झालेला हत्तीचा केसाळ भाऊबंद. गाभ्याजवळ मोजू नका, तिथे हत्तीचाही कोन अरुंद होतो आणि मॅमथचा भास होतो.

उभ्या बाजूच्या रेषांवर विसंबू नका. सेल्युलॉइडवाल्यांनी त्यांची नक्कल केव्हाच केली आहे. फक्त त्यांच्या रेषा पट्टीने आखल्यासारख्या सरळ आणि समान अंतरावर येतात. खऱ्या रेषा किंचित लहरत जातात, मध्येच विरतात. आडव्या कापावरची जाळी मात्र साच्यात ओतलेल्या मालाला जमत नाही. रेझिनमध्ये बुडबुडे आणि साच्याची शिवण शोधा. भेगांतला तपकिरी रंग सगळीकडे सारखा असेल तर तो लावलेला. खरा पिवळेपणा असमान असतो: उजेडाकडची बाजू पांढरी राहते, अंधारातली पिवळी पडते.

तोळामासा
वजनाचीही परीक्षा आहे. ०.१ ग्रॅमचा काटा घ्या. वस्तू कोरडी तोला, समजा ७४ ग्रॅम. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल अशी लटकवा. तळाला किंवा काठाला टेकली की हिशेब चुकला. आता काटा ४० दाखवत असेल तर ७४ भागिले ४० म्हणजे १.८५, ही वस्तूची घनता, पाण्याच्या किती पट जड ते. हस्तिदंत साधारण १.७ ते १.९ मध्ये येतो, सेल्युलॉइड आणि केसीन (दुधातल्या प्रथिनाचं प्लास्टिक) १.३५ च्या आसपास, हस्तिदंतासारखं दिसणारं टागुआ पामचं बी १.४ च्या आसपास.

दहापट_भिंग
भेगाळलेली मूर्ती पाण्यात घालू नका हो! हस्तिदंत पाणी शोषून फुगतो, सुकताना भेग वाढते. आपल्या पावसाळ्यातली दमट हवा तेच काम हळूहळू करत असते. जुना रंग किंवा सरसाचे जोड असतील तर तेही जातील. शिवाय हाड १.९ ते २.० भरतं आणि भुकटी मिसळलेलं रेझिन हस्तिदंताच्या जवळ जातं, म्हणजे या परीक्षेने हलकं प्लास्टिक बाद होतं, एवढंच.

यूव्ही टॉर्चचंही तसंच. ३६५ नॅनोमीटरची असेल तर अंधारात हस्तिदंत निळसर पांढरा चमकतो, बहुतेक प्लास्टिक मंद दिसतं. पण हाडही चमकतं. स्वस्त ३९५ वाली टॉर्च सगळंच जांभळं करून टाकते.

हाड ओळखायला फाशांच्या टोकांकडे बघा. आडव्या बाजूला काळे ठिपके आणि लांब बाजूला बारीक काळ्या रेघा दिसल्या तर हाड. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या, त्यांत मळ साचतो. हस्तिदंतात त्या नसतात.

अंत्रुजवासी
फाशांच्या टोकांना काळे ठिपके आहेत. मूर्तीच्या तळाला कडेजवळ जाळी दिसते, फोटोवर कोनमापक ठेवला तर १२० च्या आसपास. विकायची झाल्यास कुठे विचारावं?

कलम_बेचाळीस
फासे हाडाचे. मूर्ती हत्तीच्या दाताची, म्हणून ती विकता येत नाही, ऑनलाइन जाहिरातही टाकू नका. भारतीय हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव कायद्याच्या १९८६ च्या दुरुस्तीने बंद झाला, आफ्रिकन हस्तिदंताचा १९९१ च्या. ‘अँटिक आहे’ म्हणून सूट मिळत नाही.

वारशाने आलेली वस्तू ठेवता येते, पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे घोषणा करावी लागते. घरात आधीचं मालकी प्रमाणपत्र असेल तर शोधा, ते कलम ४२ खालचं असतं. नसेल तर वकिलाला विचारून पणजीला वनखात्यात लेखी कळवा, सोबत चारही बाजूंचे व तळाचे फोटो, उंची आणि वजन द्या. पक्की तपासणी लागली तर ती डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत होते.

तोळामासा
तुलनेसाठी जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका कॉन्व्हेंटमधलं ख्रिश्चन कला संग्रहालय बघून या. बऱ्याच जुन्या मूर्तींत चेहरा आणि हात तेवढे हस्तिदंताचे, अंग लाकडाचं असतं. तुमची मूर्ती एकसंध आहे की मनगटाशी जोड दिसतो?

अंत्रुजवासी
एकसंध. फक्त डावा हात रंगाने वेगळा वाटतो.

दहापट_भिंग
मग त्या हाताला वेगळं भिंग लावा. मोडलेली बोटं-हात नंतर हाडाचे किंवा रेझिनचे बसवलेले सापडतात. घोषणेतल्या वर्णनात तेही लिहा.