टँकर पलटी झाल्यावर लागणाऱ्या सामानासाठी निधी कुठून? (तातडीचं)

हायवेकाठचा: आमच्याकडं पुन्हा टँकर पलटी झाला. बंब गेला, पण पोरं तोंडाला रुमाल बांधून उभी. अंगात घालायचे संरक्षक सूट नाहीत, आग विझवायचा फोम संपलेला. सोमवारी प्रस्ताव द्यायचाय. आपत्ती निधीत बसत नाही असं ऑफिसवाले म्हणायलेत. कोणत्या हेडखाली मागू? लवकर सांगा.

बंबवाला: टँकरमध्ये काय होतं? गाव कुठलं? नगरपरिषद का ग्रामपंचायत?

हायवेकाठचा: सोलापूर-धुळे रोड, बीड जिल्हा. नगरपरिषद. कारखान्याचं स्पिरिट होतं. त्यानं काय फरक पडतो?

बंबवाला: लई पडतो. स्पिरिट म्हणजे अल्कोहोल, त्यावर साधा फोम टिकत नाही, फुटून जातो. अल्कोहोल-रोधक फोम असं स्पष्ट लिहा, नाहीतर ठेकेदार स्वस्तातला आणून टाकतो.

जालनेकर: सरकारच्या मागं कशाला लागता? ज्याचा माल, त्याच्याकडून वसूल करा. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनुसार जिल्हा संकट गट असतो, कलेक्टर अध्यक्ष. तिथं कारखान्यांना उभं करा.

बंबवाला: गट बैठक घेतो, चेक काढत नाही. कारखान्याच्या दारात झोळी घेऊन फायर ब्रिगेड चालवायची का?

जालनेकर: आमच्याकडं कंपन्यांनी दिलंय सामान. तुम्हाला मागताच येत नाही.

डॅलसकर: इकडे अमेरिकेत घातक माल वाहणाऱ्यांकडून दरवर्षी नोंदणी शुल्क घेतात. त्यातून स्थानिक दलांच्या प्रशिक्षणाला अनुदान मिळतं. १९९० च्या कायद्यापासून.

सरकीपेंड: इकडं टँकर आडवा झाला की लोक कॅन घेऊन पळतात. आधी ते आवरा.

फाइलवाले: मुद्द्यावर या. मदतीच्या पैशाला यादीतली आपत्ती लागते: पूर, गारपीट, आग वगैरे. रसायनगळती त्यात नाही, त्यामुळे ऑफिसवाले अर्धं खरं बोलले. पण पंधराव्या वित्त आयोगानं २०२१-२६ साठी राज्याच्या आपत्ती निधीतले १० टक्के पूर्वतयारी आणि क्षमतावाढीला राखून ठेवले. प्रस्तावात 'नुकसान' हा शब्दच नको, 'पूर्वतयारी' लिहा. जिल्हा आपत्ती प्राधिकरणामार्फत पाठवा, जिल्हा नियोजन समितीला प्रत द्या. केंद्राची २०२३ ची ५,००० कोटींची अग्निशमन योजनाही आहे, पण ती राज्यामार्फतच येते, तुमचा थेट अर्ज चालणार नाही.

हायवेकाठचा: हे कामाचं. केमिकल सूट किती लिहू?

बंबवाला: स्पिरिटला केमिकल सूट कशाला? आगीचे सूट आणि बीए सेट (श्वासासाठी पाठीवरचं हवेचं सिलिंडर आणि मास्क) लिहा. ॲसिडचे टँकरपण जातात का तिथून? आणि एका पाळीला माणसं किती?

हायवेकाठचा: तीन. दोघं कंत्राटी.

बंबवाला: ॲसिडचं विचारलं होतं.