चर्चा: चंगाई सभेचा मांडव की आजाऱ्याच्या उशाशी सोबत?

जालन्याची सून
माझ्या सासूबाई दोन वर्षांपासून अर्धांगवायूनं अंथरुणावर आहेत. गेल्या महिन्यात तालुक्याला मोठी चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेनं आजारी बरे व्हावेत म्हणून भरणारी ख्रिस्ती सभा, होती. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, लोकांनी आग्रह केला म्हणून गादीसकट टेम्पोत घालून नेलं. रात्री दहापर्यंत मांडवात होतो. गादी ओली झाली, बदलायला आडोसा नव्हता. प्रार्थना झाली, त्या उठल्या नाहीत. उपदेशक म्हणाले, घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय. घरी आल्यावर पाहिलं, तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा.
मी बाप्तिस्मा घेतलेली आहे, रोज प्रार्थना करते. तरी माझं म्हणणं आहे की मंडळीनं या सभांवरचा पैसा आणि माणसं आजाऱ्यांच्या घरी पाठवावीत. दोन वर्षांत रात्री थांबायला एकजणही आलेलं नाही.

अंबडकर
ताई, तुमच्या सासूबाईंचं वाचून जीव तुटला. पण सभा बंद करा म्हणू नका. माझा थोरला भाऊ सतरा वर्षं दारू पीत होता. अशाच एका सभेत रडला, त्याला सहा वर्षं झाली, थेंब घेतलेला नाही. हे आम्ही घरात डोळ्यांनी पाहिलंय. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, आजाऱ्यासाठी तेल लावून प्रार्थना करायला स्पष्ट सांगितलंय. ते सोडलं तर मंडळीत आणि दवाखान्यात फरक काय राहिला?

लातूरची परिचारिका
मी क्षयरोगाच्या रुग्णांना गोळ्या देण्याचं काम करते, म्हणून एकच गोष्ट सांगते. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं. नेमक्या त्याच वेळी माणूस सभेत उभा राहून साक्ष देतो की मी बरा झालो, आणि गोळ्या सोडतो. माझ्या यादीतल्या एका पोराचं असंच झालं. टाळ्या झाल्या. तीन महिन्यांनी रक्त पडायला लागलं, आणि नेहमीची औषधं त्याला लागू पडेनात. साक्ष द्यायला लावण्याआधी गोळ्या चालू आहेत का, एवढं विचारलं असतं तर?

बीडचा विवेकी
मग बंदीच घाला ना. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच. विंचू, साप, कुत्रं चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं त्यात गुन्हा आहे. चंगाई सभेला सूट कशासाठी?

जालन्याची सून
त्याच कायद्यात शरीराला इजा किंवा पैशाचं नुकसान न करणाऱ्या प्रार्थनेला मोकळीक आहे, दादा. मला प्रार्थना बंद करायची नाहीये. पहाटे चारला कूस बदलताना मी तीच तर करते.

गेवराईचा पाळक
अंबडकर, याकोबाचं वचन पुन्हा वाचा. आजाऱ्यानं कुठं जावं असं त्यात नाही. त्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या जबाबदार वडीलधाऱ्यांना, बोलवावं; म्हणजे वडिलांनी त्याच्या खाटेपाशी जावं. आपण ते उलटं करून टाकलं. प्रेषित पौलानंही देहातल्या काट्यासाठी, म्हणजे त्याला छळणाऱ्या त्रासासाठी, देवाला तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायची आपली छाती आहे का?
आपल्या शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये आले. दोघंही ख्रिस्ती, वेल्लोरला शिकलेले. गावातल्याच बायकांना, कित्येक तर निरक्षर आणि दलित, त्यांनी आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण, लेकरांचं वजन, कुष्ठरोग्याची जखम, सगळं त्या बायका बघू लागल्या. मी त्यालाही चंगाईच म्हणतो. माझ्या मंडळीत मात्र एवढी वर्षं मी फक्त सभांच्या तारखा जाहीर करत आलो, याचं मला दुःख आहे.

अंबडकर
पाळकसाहेब, वचनाचा अर्थ पटला. तरी जो माणूस कुणाच्या घरी जाण्यासारखा उरला नाही, ज्याला घरच्यांनीच हाकललंय, तो मांडवातच येतो. माझा भाऊ तसाच आला होता. सभा बंद झाल्या तर त्याच्यासारख्यांनी कुठं जायचं? मी सभेच्या बाजूनंच राहणार. पण गोळ्या सोडायला सांगणारा माईकवर नको, आणि विश्वास कमी पडला हे वाक्य तर कुणाच्याच तोंडी नको.

लातूरची परिचारिका
ताई, वाद चालू राहू द्या, चट्टा आज बघा. बोटानं दाबून लाली जात नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. त्या जागी तेल चोळू नका, आतली कातडी आणखी फाटते. दर दोन तासांनी कूस बदला, दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवा, टाचा गादीला टेकू देऊ नका. कातडी फुटली तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. हवेची गादी मिळाली तर फार बरं.

जालन्याची सून
रोज त्याच जागेवर तेल चोळत होते मी. आजपासून थांबवते. गादीची किंमत विचारली, सध्या जमणार नाही.

अंबडकर
माझ्या आईसाठी घेतलेली हवेची गादी माळ्यावर पडून आहे. आई गेली, पंप अजून चालतो. रविवारी उपासनेनंतर घेऊन येतो, बायकोही येईल. रात्री दोनची आणि चारची कूस आम्ही बदलू, तुम्ही झोपा. प्रार्थनाही करणार, ती करू नका म्हणू नका.

जालन्याची सून
या. सासूबाईंना डाव्या कानानं ऐकू येतं, त्या बाजूला बसा.