अनुभव सांगा : झाकण मिटलं, तरी लॅपटॉप जागाच

गेल्या जूनमध्ये चिपळूणहून ठाण्याला उतरले तेव्हा सॅक पाठीला चटके देत होती. आत लॅपटॉप. आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून झाकण मिटलं होतं. उघडून बघते तर ११ टक्के. ‘झाकण मिटल्यावर स्लीप’ हे सेटिंग जागच्या जागी. काढून पुन्हा लावलं, तरी तेच.

शेवटी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत, ‘पॉवरसीएफजी स्लॅश ए’ (powercfg /a) दिलं. मशीनला कुठली कुठली झोप येते, ते ही कमांड सांगते. माझ्याकडे जुनी एस-थ्री नव्हतीच, फक्त एस-झीरो, म्हणजे मॉडर्न स्टँडबाय. एस-थ्रीत रॅम जिवंत ठेवण्यापुरती वीज लागते, बाकी जवळजवळ सगळं बंद. एस-झीरोत मोबाइलसारखं : स्क्रीन काळी, पण आत मेल आणि अपडेट चालू राहू शकतात. आता झाकणाला हायबरनेट लावलंय, म्हणजे उघडं काम डिस्कवर लिहून मशीन बंदच होतं. पर्याय दिसत नसेल तर अ‍ॅडमिन म्हणून ‘पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑन’ द्यायचं. उघडायला थोडा वेळ जास्त जातो, पण सॅक गार असते.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. ‘विंडोज परत टाकली’ एवढ्यावर थांबू नका, कारण सापडलं असेल तर तेच हवंय.

*

सांगलीहून. मी शाळेत शिकवते. पाच मिनिटांनी स्क्रीन बंद व्हायला हवी, ती रात्रभर उजेड पाडायची. पॉवर प्लॅन मूळ सेटिंगवर नेला, उपयोग शून्य. भाच्याने ‘पॉवरसीएफजी स्लॅश रिक्वेस्ट्स’ चालवायला सांगितलं, तेही अ‍ॅडमिन म्हणून. मशीनला कोण जागं ठेवतंय, त्याची यादी ती देते. ‘डिस्प्ले’ या शब्दाखाली ब्राउझरचं नाव, ‘सिस्टिम’खाली ऑडिओ ड्रायव्हरचं. दुपारच्या ऑनलाइन तासाचा टॅब मागे उघडाच राहिला होता. तो बंद करून कमांड पुन्हा दिली, तर दोन्हीकडे ‘नन’, म्हणजे कुणीच नाही. तेव्हापासून घरातल्या कुणाचंही मशीन झोपेना झालं की मी आधी हीच यादी बघते.

*

नाशिक. माझं उलट. झोपायचा, पण पहाटे आपोआप उठायचा आणि पंखा घरघरायचा. ‘पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक’ देऊन शेवटी कुणी उठवलं ते विचारलं, तर नेटवर्क कार्ड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर ‘या उपकरणाला संगणक जागा करू द्या’ अशी खूण असते, ती काढली. माउसचीही काढली. शांत.

*

दोन वर्षं हा त्रास काढलाय म्हणून सविस्तर लिहितो. बॅटरी ५ टक्क्यांवर आली की हायबरनेट व्हावं, असं लावलं होतं. प्रत्यक्षात लॅपटॉप २०-२२ टक्के दाखवत असताना खटकन बंद पडायचा. एकदा अर्धा हिशेब गेला, मार्चअखेरीचा. आम्ही सेटिंगच उलटंपालटं करत बसलो. मग ‘पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट’ने फाइल बनवली. त्यात दोन आकडे एकाखाली एक असतात : डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण चार्जला मावते तेवढी). माझे होते सुमारे ४१,००० आणि १७,००० मिलिवॅट-अवर. सेल इतके थकले होते की लोड आला की व्होल्टेज कोसळायचं आणि टक्केवारी ५ वर यायच्या आतच सगळं अंधारात. बॅटरी बदलली, तेच जुनं सेटिंग पहिल्या दिवसापासून नीट चाललं. प्रत्येकाने हा रिपोर्ट वर्षातून एकदा काढावाच.

*

आमच्याकडे चार्जिंग ८० टक्क्यांवर अडायचं. दुकानदार म्हणाला, बॅटरी गेली. घरी येऊन कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये पाहिलं तर बॅटरीचं आयुष्य वाढवायची मर्यादा चालू होती. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ती कुठेच दिसत नाही. पैसे वाचले.

*

लिनक्सवाल्यांसाठी. टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन हे वीज वाचवणारे दोन प्रोग्रॅम एकत्र ठेवू नका. एकाने लावलेलं दुसरा पुसतो. माझा ‘पॉवर सेव्हर’ असाच टिकत नव्हता, एक काढल्यावर टिकला. दुसरं, बाहेरचा मॉनिटर जोडलेला असताना झाकण मिटलं तर सिस्टिमडी (लिनक्सच्या सेवा सांभाळणारा भाग) मुळातच दुर्लक्ष करते. लॉगइंड डॉट कॉन्फ या तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘हँडल लिड स्विच डॉक्ड’ (HandleLidSwitchDocked) म्हणून ओळ आहे, तिथे ‘सस्पेंड’ लिहा.

*

धागा काढणारीच पुन्हा. सांगलीच्या बाई, तुमची कमांड आज माझ्याकडे चालवली. ‘एक्झिक्युशन’खाली बॅकअपचं अ‍ॅप निघालं. त्याची वेळ रात्रीची करून, चार्जर लावलेला असेल तेव्हाच चालेल असं ठेवलंय. उद्या पहाटे पुन्हा चिपळूणची गाडी आहे. झाकण मिटताना टक्के लिहून ठेवते आणि पोचल्यावर आकडा इथे टाकते.