मदत हवी आहे : राष्ट्रीय उद्यानाच्या नकाशात समोच्च रेषा चुकत आहेत

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा, मराठी नावे असलेला आणि छापता येईल असा नकाशा मी क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मोफत संगणकप्रणालीत तयार करीत आहे. विहार व तुळशी हे तलाव सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटर तपशिलाच्या प्रतिमांवरून नीट उतरले. काठ पावसाळ्यानंतरच्या भरलेल्या पातळीचा धरला आहे.

अडचण डोंगरांच्या समोच्च रेषांची, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांची आहे. एसआरटीएम या अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीच्या ३० मीटर तपशिलाच्या विदेत (डेटात) दाट झाडीची उंचीही मिसळत असल्याने, प्रत्यक्षात ओढ्याला लागून जाणारी शिलोंड्याची पायवाट नकाशात उतारावर चढलेली दिसते आणि ओढ्याची घळ जवळजवळ बुजून जाते. रेषा गुळगुळीत करून पाहिल्या, तर जांबूळमाळ या उद्यानातल्या सर्वांत उंच टेकडीचा माथाच बोथट झाला. कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाची उंचीची विदाही पृष्ठभागाचीच, म्हणजे झाडीसकट उंची देते, त्यामुळे तिनेही प्रश्न सुटला नाही. पायवाटेची जीपीएस नोंद पानगळीनंतर, झाडी विरळ असताना घेतलेली असल्यामुळे ती बऱ्यापैकी विश्वासार्ह वाटते.

ड्रोन वापरता येणार नाही, विकतची विदा परवडणारी नाही, आणि वनविभागाची परवानगी नसलेल्या वाटा मी दाखवणार नाही. तिथल्या बिबट्यांच्या दृष्टीने तेच योग्य आहे.

झाडीची उंची वजा करून जमिनीची उंची काढण्याची, मोफत साधनांत जमेल अशी कोणती पद्धत आपण स्वतः वापरली आहे, आणि तिने अरुंद ओढ्यांच्या घळी पुन्हा उमटल्या का?