संवहन की अभिसरण?

माळवेकर:
एका हिंदी पुस्तिकेतले डिझेल इंजिनावरचे प्रकरण मराठीत आणताना मी लिहिले होते, ‘तप्त वायूची उष्णता सिलिंडरच्या भिंतीला मुख्यतः संवहनाने मिळते,’ म्हणजे वायूच्या हालचालीबरोबर. पुण्याच्या संपादकांनी ‘सं’ अनावश्यक समजून खोडला आणि ‘वहन’ ठेवले. वहन तर त्यापुढे घडते, लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या अस्तराच्या, धातूतून बाहेरच्या पाण्याकडे उष्णता जाताना. दोन पायऱ्यांची एकच झाली. माझे शिक्षण इंदुरात हिंदी माध्यमातून झाले असल्याने चालन (वहन), संवहन, विकिरण (प्रारण) हीच नावे आधी तोंडी येतात. मराठीत संवहनाला अभिसरण म्हणतात हे ठाऊक आहे, परंतु रक्ताभिसरणातले रक्त फिरून हृदयाकडे येते, पातेल्यातले पाणी वर जाऊन खाली येते, आणि सिलिंडरमधला वायू मात्र पिस्टनच्या रेट्याने व आत शिरतानाच्या भोवऱ्याने घुसळला जातो. तिथे ‘अभिसरण’ शोभेल काय?

शब्दवेडी:
निश्चित शोभेल. ‘अभि’ म्हणजे कडे आणि ‘सृ’ म्हणजे सरणे. अभिसारिकाही त्याच धातूची. परत फिरण्याचा अर्थ मुळात नाही, तो रक्ताभिसरणामुळे चिकटला. शाळेपासून रुळलेला शब्द सोडू नये. ‘विकिरण’ तर मुळीच नको, कारण मराठी पाठ्यपुस्तकांत तो प्रकाश विखुरण्याला वापरतात; उष्णतेसाठी प्रारणच हवे.

पीथमपूरकर:
शब्दवेडीताई, हा आग्रह मला पटत नाही. इंदुरी मराठीने हिंदी शब्द पिढ्यानपिढ्या पोसले आहेत. मला चिंता शिकाऊ मुलांची आहे. ज्वालेचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तरी पिस्टन टिकतो, कारण बरीच उष्णता पिस्टनभोवतीच्या रिंगांवाटे लायनरला जाते आणि पृष्ठालगत वायूचा पातळ, त्यामानाने थंड थर राहतो. पेट्रोल इंजिन ठोके देऊ लागले, म्हणजे आतले मिश्रण स्फोटासारखे पेटू लागले, की दाबाच्या लाटांनी तो थर फाटतो. असा एक पिस्टन मी हातात धरला आहे. वरच्या रिंगेजवळची कड वाळवीने खाल्ल्यासारखी झाली होती. ‘अभिसरण’ या सौम्य शब्दातून ते दिसत नाही. डिझेलमध्ये तापलेल्या काजळीची धगही भिंतीला लागते. प्रारणाला आम्ही धगच म्हणतो.

शब्दवेडी:
धग स्पर्शावाचून लागते, म्हणून ती मान्य. मग वायूबरोबर येणाऱ्या उष्णतेला ‘झळ’ का म्हणू नये? वैशाखात आजी ‘झळा येतात’ म्हणून दुपारी खिडक्या लावून घेई, आणि त्या झळा वाऱ्यावरच येत.

माळवेकर:
परंतु वारा पडलेला असतानाही होळीजवळ उभ्या माणसाला झळ लागते. तुमच्या घरी तिला धग म्हणत असत काय?