फुलेवाड्यात 'बघण्यासारखं काही नाही' म्हणणाऱ्यांना

गंजपेठकर:
काल इथे एकाने लिहिलं, "फुलेवाडा पाहिला. बसकं घर, विहीर, वृंदावन. बघण्यासारखं काही नाही. पाडून भव्य स्मारक बांधा." रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. दादा, ते वृंदावन म्हणजे जोतीरावांची समाधी आहे. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, तेव्हा दत्तक यशवंतने टिटवं (अंत्ययात्रेपुढे धरतात ते मडकं) धरायला भाऊबंद आडवे आले. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. नुकतीच विधवा झालेली बाई, १८९० चं पुणं! तिचं घर आहे ते. पाडा कसलं म्हणता?

नवं_पुणं:
ती पोस्ट माझीच. भिंती कवटाळून काय मिळतं ते भिडे वाड्यात पाहिलं की. १८४८ ची मुलींची शाळा तिथली, आणि आपण पडझडीवर नुसते हळहळलो. डिसेंबर २०२३ मध्ये पाडला तेव्हा कुठे स्मारकाची वाट मोकळी झाली. भाडेकरू कोर्टात गेले नसते तर कधीच झालं असतं.

जुना_भाडेकरू:
भाडेकरूंवर ढकलणं सोपं असतं. माझी आई चाळीस वर्षं एका वाड्यात दोन खोल्यांत राहिली, पागडी भरून. बिल्डर म्हणाला, दोन वर्षांत जागा देतो. नऊ वर्षं झाली. तिचं तांब्याचं घंगाळ अजून कॉटखाली जुन्या लुगड्यात बांधलेलं आहे, नव्या घरी न्यायचं म्हणून. असा माणूस कोर्टात नाही जाणार तर कुठे जाणार?

नवं_पुणं:
तुमच्या आईंचं वाईट वाटतं, पण भिडे वाड्यात दुकानं होती. दोन्ही एका मापाने मोजू नका.

जुना_भाडेकरू:
दुकानावर पोट नसतं का? स्मारकाला विरोध कोणी केला? हक्काचं मागितलं की लगेच आम्ही सावित्रीबाईंचे वैरी! हे ऐकून घेणार नाही.

मास्तरीणबाई:
वाद फुलेवाड्याचा होता. मी सातवीच्या मुलींना तिथे नेलं होतं. १८६८ साली या घराने आपलं पाणी अस्पृश्यांना खुलं केलं, एवढं सांगितलं. एक मुलगी विहिरीपाशी थांबली, हलेचना. म्हणाली, "बाई, माझ्या आजीला गावात वरून पाणी ओतायचे. विहिरीला हात लावू द्यायचे नाहीत." मग दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभी राहिली. भव्य स्मारकात हात कशावर ठेवायचा? आणि आपण सगळे 'महात्मा फुले वाडा' म्हणतो. सावित्रीबाईंचं नाव का येत नाही तोंडात?

गंजपेठकर:
बाई, नावाचं खरंय. माझ्याही तोंडात नाही आलं कधी.

नवं_पुणं:
ठीक आहे, 'पाडा' हा शब्द मागे घेतो. विहीर, समाधी, घर जसंच्या तसं राहू दे. भिडे वाड्याबद्दल मात्र मत बदलणार नाही.

जुना_भाडेकरू:
आणि भाडेकरूंबद्दल जे बोललात, ते?