मदत हवी आहे: फोर्कलिफ्ट रॅकमागे वळली की कालमन फिल्टर सरळच जातो

नमस्कार मंडळी,

भोसरीतल्या एका गोडाऊनमध्ये (२० बाय १२ मीटर, मधे लोखंडी रॅकच्या तीन रांगा) फोर्कलिफ्ट कुठे आहे ते ट्रॅक करायचं काम माझ्याकडे आहे. चार कोपऱ्यांत यूडब्ल्यूबी अँकर (रेडिओ सिग्नलला लागलेल्या वेळेवरून अंतर काढणारे स्थिर डबे), गाडीच्या टपावर त्यांच्याशी बोलणारा टॅग, सेकंदाला १० रीडिंग. मोकळ्या जागेत झकास चालतं, पण रॅकमागे गेली की थेट सिग्नल अडतो आणि पत्र्यावर आपटून फिरून आलेलाच पोचतो, म्हणजे अंतर जास्तच दिसतं. नॅनोसेकंदाला ३० सेंटीमीटर हिशोबाने अडीच नॅनोसेकंदांचा फेरा पडला तरी पाऊण मीटर गेलं.

आधी शेवटच्या १० रीडिंगची सरासरी घेतली, रेघ गुळगुळीत आली पण जवळपास अर्धा सेकंद मागे, आणि गाडी सेकंदाला २ मीटर पळत असेल तर स्क्रीनवर ती ९० सेंटीमीटर मागे दिसते. मग मीडियन (रीडिंग क्रमाने लावून मधलं घ्यायचं). एखादंच रीडिंग भरकटलं तर ठीक, इथे सलग वीस-वीस चुकतात.

आता एक्स्टेंडेड कालमन फिल्टर (आधीच्या जागेवरून नि वेगावरून पुढचा अंदाज बांधून नव्या रीडिंगने तो सुधारणारा) लावलाय, चारही अंतरं थेट देते, वेग स्थिर धरलाय, आणि ३ सिग्माबाहेरचं, म्हणजे अंदाजापासून फारच लांबचं, रीडिंग टाकून देते. घोळ इथेच आहे. गाडी काटकोनात वळते, खरी रीडिंग अंदाजाशी जुळत नाहीत, फिल्टर नेमकी तीच टाकतो आणि स्क्रीनवर गाडी रॅकच्या आरपार जाते! प्रोसेस नॉइज (गाडी अंदाज सोडून किती वागू शकते याची सूट) वाढवला की वळण सापडतं पण सरळ रस्त्यावर गाडी नागमोडी. जमिनीवर चिकटपट्टी मारून तिच्यावरून गाडी चालवून घेतली तर सरासरी चूक २८ सेंटीमीटर, ऐकायला बरी वाटते, पण रॅकच्या टोकाला तीच दीड मीटर होते. आणि माणसं नेमकी तिथूनच बाहेर येतात, बझर तिथेच वाजायला हवा. मागच्या महिन्यात एक हेल्पर थोडक्यात वाचला, तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

पार्टिकल फिल्टरला (गाडी कुठे असू शकेल याचे शेकडो अंदाज, म्हणजे पार्टिकल, एकदम चालवणारा) रॅकचा नकाशा देता येतो, रॅकमधून जाणारे पार्टिकल बाद करायचे, हे मला पटतंय. पण ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर) वर ५००-१००० पार्टिकल सेकंदाला १० वेळा झेपतील का, कोणी प्रत्यक्ष चालवलंय? की कालमनच ठेवून जायरो (वळण्याचा वेग मोजणारा सेन्सर) लावू, म्हणजे वळण आधी कळेल? अजून एक डोक्यात आहे, जास्त आलेल्या अंतरावर विश्वास कमी ठेवायचा आणि कमी आलेलं नेहमीसारखं घ्यायचं, यात काही फसगत आहे का?

लॉग आहेत, हवे असतील तर टाकते.